दाताच्या कवचाची डागडुजी

तंजावरहून पट्टुक्कोट्टैच्या रस्त्याने दक्षिणेकडे जाताना ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव लागते. दुसरे सरफोजी महाराज यांनी मुक्तांबा या आपल्या प्रिय सहचारिणीच्या स्मरणार्थ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधविलेले छत्र तेथे आहे, आणि त्याच नावावरून मुक्तांबाळपुरम् हे गावाचे जुने नावही प्रचारात आले. १८०१ साली कंपनी सरकारचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांस महाराजांनी आपल्या मुलखातील छत्रांच्या बंदोबस्ताविषयी एक पत्र लिहिले होते. त्यातील तपशील वाचला म्हणजे ध्यानात येते की, वाटसरूंच्या पोटाची सोय एवढाच या संस्थांचा हेतू नव्हता, तर मुलांसाठी पंतोजी आणि आजाऱ्यांसाठी वैद्य यांची तैनातही तेथे होती व दुखणाईतास औषधपाणी देण्याची तजवीज होती. तंजावरास महाराजांनी धन्वंतरी महाल चालविला; नेत्ररोग्यांच्या दुखण्याच्या कैफियती डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह लिहून ठेवविल्या, आणि ते कागद सरस्वती महाल ग्रंथालयात अद्याप जतन केलेले आहेत.

दातांविषयी लिहिताना या कागदांची आठवण करण्यास कारण आहे. रोगाची पहिली खूण डोळ्यांनी नीट पाहावी, तिची नोंद ठेवावी आणि मग इलाजास लागावे, ही जी दृष्टी त्या कैफियतींत दिसते, तीच दातांच्या बाबतीत आपल्या समाजात फार उणी पडते. तंजावर, कुंभकोणम, ओरत्तनाडु या टापूत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घराणी घ्या, अथवा पुणे-सातारकडची घ्या, रात्री दाढेचा ठणका लागून झोप उडेपर्यंत दंतवैद्याचे नाव कोणी काढीत नाही. पण ठणका ही या रोगाची शेवटची पायरी आहे. पहिली पायरी पूर्णपणे वेदनारहित असते, आणि दाताची झीज भरून येण्याचा जो काही संभव असतो तो त्या पहिल्याच पायरीवर असतो. हा संभव नेमका किती, तो कशाने साधतो आणि बाजारात 'दात पुन्हा मजबूत करणाऱ्या' म्हणून विकल्या जाणाऱ्या पेस्टांचा त्यात वाटा किती, याचा खुलासा या लेखात करावयाचा आहे.

दाताचे बाहेरचे कवच, ज्यास शास्त्रीय मराठीत दंतवल्क आणि व्यवहारात एनॅमल म्हणतात, ते मानवी शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य होय. वजनाने पाहिले तर त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा आहे. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या संयोगाने बनलेल्या हायड्रॉक्सिअॅपटाइट नावाच्या खनिजाचे अतिसूक्ष्म स्फटिक त्यात दाटीने रचलेले असतात. हाड मोडले तर सांधते, कातडी कापली तर भरून येते, कारण तेथे जिवंत पेशी आहेत. एनॅमल घडविणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीतून वर येताच नाहीशा होतात, म्हणून त्याचा तुकडा उडाला किंवा त्यात खड्डा पडला तर शरीर तो कधीही भरून काढू शकत नाही. असे असूनही निसर्गाने एक सोय ठेविली आहे. स्फटिकांतून गेलेले क्षार, स्फटिकांची रचना पुरती ढासळली नसेल तर, लाळेतून परत येऊन त्याच जागी बसू शकतात.

हे जाणे-येणे प्रत्येकाच्या तोंडात दररोज चाललेले असते. दातांवर चिकटून राहणाऱ्या बुळबुळीत थरात असंख्य जंतू असतात. आपण गोड किंवा पिठूळ पदार्थ खाल्ला की ते त्यातील साखरेपासून आम्ल तयार करतात. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकाने १९४० च्या सुमारास मोजमाप करून दाखविले की, साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच या थरातील आम्लता वाढते आणि ती पूर्वपदावर येण्यास अर्धा ते एक तास लागतो. पीएच या परिमाणाने सांगायचे तर तो आकडा साधारण ५.५ च्या खाली उतरला की एनॅमलातील क्षार विरघळू लागतात, आणि लाळेने आम्ल निवविले की ते परतू लागतात. छत्राच्या दप्तरात रोजचा जमाखर्च लिहिला जात असे, तसा हा दाताचा जमाखर्च आहे. जमा आणि खर्च यांची तोंडमिळवणी होत राहिली तर दात शंभर वर्षे टिकेल, आणि खर्च सतत वरचढ राहिला तर वर्ष-दोन वर्षांत कवच आतून पोकळ होईल. यावरून हेही उघड होते की, साखर एकंदर किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा तोंडात गेली, हा प्रश्न दातांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. जेवणानंतर अशोका हलव्याची वाटी खाणाऱ्या गृहस्थापेक्षा, सकाळपासून दुकानाच्या गादीवर बसून दर तासास साखरेची कॉफी दोन-दोन घोट घेणाऱ्या गृहस्थाचे दात लवकर किडतात, कारण दुसऱ्याच्या लाळेस सावरण्यास उसंतच मिळत नाही.

आम्ल म्हटले की दात विरघळलाच, असेही मात्र नाही. दही आंबट असते. त्याचा पीएच ४ च्या आसपास, म्हणजे वर सांगितलेल्या मर्यादेच्या बराच खाली असतो. तरीही दहीभातावर वाढलेल्या पिढ्यांचे दात दह्याने झिजले नाहीत. उलट बाटलीतील फसफसणारी पेये, लिंबाचे सरबत किंवा चिंचेचे पाणी वारंवार पोटात जाऊ लागले की दात आंबतात, पुढे गार पाण्याने शिवशिवतात आणि त्यांच्या कडा पातळ होतात. या भेदाचे कारण असे की, दह्यात कॅल्शियम व फॉस्फेट भरपूर असते. ज्या द्रवात हे क्षार अगोदरच काठोकाठ आहेत, तो द्रव आंबट असला तरी दातातून आणखी क्षार काढून घेत नाही. विरघळणे हे केवळ आम्लतेवर अवलंबून नसून भोवतालच्या द्रवातील क्षारांच्या भरतीवरही अवलंबून असते, हे एक तत्त्व लक्षात ठेवले म्हणजे पुढे येणाऱ्या सर्व पेस्टांची उपपत्ती समजण्यास अडचण पडत नाही. त्या सगळ्यांचा प्रयत्न एकच आहे: दाताभोवतीचा द्रव क्षारांनी भरून ठेवणे, आणि ते क्षार दातात परत बसतील अशी व्यवस्था करणे.

आता ती पहिली खूण कशी ओळखावी ते सांगतो. सकाळच्या उजेडात आरशासमोर उभे राहून ओठ वर करावा, दात स्वच्छ फडक्याने कोरडे पुसावेत आणि हिरडीलगतची कड पाहावी; निरोगी एनॅमल ओलसर काचेसारखे चकाकते, परंतु क्षार गेलेल्या जागी खडूसारखा पांढरा, निस्तेज पट्टा किंवा ठिपका दिसतो. दात ओला असताना हा डाग लपतो, कोरडा केला की उमटतो, म्हणूनच तो पुसून पाहावयाचा. दातांना तारा बसविलेल्या मुलामुलींच्या तोंडात, तारेच्या चौकटींभोवती, हा डाग फार लवकर उमटतो. येथे मौज अशी की, बाहेरचा पातळ थर बहुधा शाबूत असतो आणि क्षार त्याच्या खालून गेलेले असतात. म्हणजे भिंत उभी आहे, आतली भर मात्र गेली आहे. ही अवस्था परतवता येते. त्या जागी टोकदार वस्तूने टोकरून पाहण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण वरचा नाजूक थर एकदा फुटला की खड्डा पडतो, आणि खड्डा पडल्यावर कोणतीही पेस्ट, मग ती कितीही किमतीची असो, तो भरू शकत नाही. तेथे दंतवैद्याकडून सिमेंट भरून घेणे हाच इलाज.

परतीच्या कामात सर्वांत भरवशाचा साहाय्यक म्हणजे फ्लोराइड. फ्लोराइडमुळे दात कठीण 'होतात' असे मोघम सांगितले जाते. वास्तविक त्याचे कार्य अधिक सूक्ष्म आहे. लाळेत व दातावरील थरात फ्लोराइडचा अल्प अंश असला, की तो अर्धवट विरघळलेल्या स्फटिकाच्या पृष्ठास चिकटतो, लाळेतील कॅल्शियम आपल्याकडे ओढतो आणि फॉस्फेटसह नवा थर बसवितो. हा नवा थर मूळच्यापेक्षा आम्लास दाद न देणारा असतो. मूळ एनॅमल ५.५ वर विरघळू लागते, तर फ्लोराइडयुक्त स्फटिक सुमारे ४.५ पर्यंत टिकाव धरतात. शिवाय दात घासल्यावर कॅल्शियम फ्लोराइडचे सूक्ष्म कण दातांवर साठून राहतात आणि पुढे आम्ल वाढले की त्यातून फ्लोराइड सुटते, म्हणजे संकटाच्या वेळीच मदत पोहोचते. हे सारे कार्य दाताच्या पृष्ठावर चालते. त्यासाठी फ्लोराइड पोटात जाण्याची गरज नाही. कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने अनेक चाचण्या एकत्र करून जो निष्कर्ष काढला, त्यात फ्लोराइडच्या पेस्टने मुलांच्या किडीत सरासरी २४ टक्के घट आढळली. दररोज कोट्यवधी घरांत आपोआप घडणाऱ्या कृतीने एवढी घट व्हावी, ही लहान गोष्ट नव्हे.

फ्लोराइडविषयी जी भीती आहे तीही निराधार नाही, आणि तिची हकीकत आपल्याच दक्षिण देशाशी निगडित आहे. अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्ज येथे फ्रेडरिक मॅके नावाच्या दंतवैद्यास १९०१ पासून तेथील रहिवाशांच्या दातांवर तपकिरी डाग दिसत होते. हे डाग पाण्यातील जादा फ्लोराइडमुळे पडतात, याचा उलगडा १९३१ मध्ये झाला, आणि त्याच शोधातून अल्प प्रमाणातील फ्लोराइड कीड रोखते हेही हाती आले. इकडे १९३७ साली मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड फार असेल तर दातच नव्हे, हाडेही कायमची जखडतात. तामिळनाडूत धर्मपुरी व कृष्णगिरी, महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांनी हे दुःख भोगले आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड इष्ट आणि, दुसरा स्रोतच नसेल तर, १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. आपल्या घरी नदीचे पाणी येते की खोल विंधनविहिरीचे याची चौकशी प्रत्येकाने करावी, आणि विंधनविहिरीचे असेल तर ते सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट थोडे आटल्याने त्याचे प्रमाण वाढते; तुरटी व चुना यांच्या साहाय्याने ते काढण्याची रीत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने सिद्ध केली असून ती नलगोंडा पद्धत म्हणून ओळखली जाते. परंतु पाण्यातून वर्षानुवर्षे पोटात जाणारे फ्लोराइड आणि दातांना लावून थुंकून टाकलेली पेस्ट, या दोन गोष्टींची गल्लत करू नये. जपावयाचे ते लहान मुलांना, कारण पक्के दात जबड्यात घडत असताना, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, गिळलेल्या जादा फ्लोराइडचे डाग त्या दातांवर उमटतात. ज्या गावचे पाणीच सदोष आहे, तेथे मुलांच्या पेस्टविषयी दंतवैद्याचा सल्ला घ्यावा.

पेस्ट निवडताना जाहिरात वाचू नये, वेष्टनावरील बारीक मजकूर वाचावा. सोडियम फ्लोराइड, सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट अथवा स्टॅनस फ्लोराइड यांपैकी एक नाव आणि पीपीएम, म्हणजे दशलक्ष भागांत किती भाग, हा आकडा तेथे असावयास हवा. आपल्या देशात पेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा अधिक फ्लोराइड घालण्यास कायद्याने मनाई आहे आणि प्रमाण छापणे बंधनकारक आहे. वनौषधींच्या नावावर खपणाऱ्या कित्येक पेस्टांत व बहुतेक दंतमंजनांत फ्लोराइड मुळीच नसते. त्यांचा वास चांगला, स्वच्छताही होते, पण क्षार परत बसविण्याच्या कामी त्यांचा उपयोग नाही. मुदत उलटलेली ट्यूब घेऊ नये, कारण जुनी झाली की तिच्यातील फ्लोराइडचा कार्यक्षम अंश घटतो.

वापरण्याची रीत ही पेस्टइतकीच महत्त्वाची आहे, आणि चूक बहुधा येथेच होते. दिवसातून दोनदा घासावे. त्यांपैकी रात्रीचे घासणे कधीही चुकवू नये, कारण झोपेत लाळ आटते आणि दात निराधार राहतात. घासून झाल्यावर पेस्ट थुंकावी, पण आपल्याकडे खळखळून चार-पाच चुळा भरण्याची जी सवय आहे ती सोडावी. त्या चुळांबरोबर सारे फ्लोराइड मोरीत वाहून जाते. तोंडात थोडी चव राहिली तर राहू द्यावी, आणि त्यानंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. तीन वर्षांच्या आतील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी व सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ती आईबापांनी आपल्या हाताने ब्रशवर लावावी.

आता खास पेस्टांकडे वळू. दुधातील केसीन या प्रथिनापासून काढलेल्या द्रव्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेल्या स्थितीत धरून ठेवण्याची युक्ती मेलबर्न विद्यापीठात एरिक रेनॉल्ड्स यांनी साधली. तिला सीपीपी-एसीपी म्हणतात. ही मलई आपल्याकडेही दंतवैद्याच्या सल्ल्याने मिळते, रात्री घासल्यावर बोटाने दातांना लावून ठेवतात, आणि तारा काढल्यावर राहिलेले पांढरे डाग फिके करण्यास ती काहींना उपयोगी पडते. मात्र दुधाच्या प्रथिनाचे वावडे असणाऱ्याने तिला स्पर्शही करू नये. जपानात सांगी नावाच्या कंपनीने १९८० साली दाताच्याच खनिजाचे अतिसूक्ष्म कण घातलेली पेस्ट बाजारात आणली. नॅनो-हायड्रॉक्सिअॅपटाइट नावाने ओळखले जाणारे हे द्रव्य गिळले गेले तरी फ्लोराइडसारखी चिंता नसते, आणि काही चाचण्यांत ते फ्लोराइडच्या बरोबरीने उतरले आहे. पण फ्लोराइडमागे दीर्घ काळाचा आणि असंख्य माणसांवरील जो पुरावा उभा आहे, तो याच्यामागे अजून जमलेला नाही. जैवकाचेची पेस्ट, जिचे मूळ लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये हाडांसाठी शोधलेल्या काचेत आहे, ती मुख्यतः दातांची शिवशिव कमी करण्यास कामी येते. पोटॅशियम नायट्रेट असलेली 'सेन्सिटिव्ह' पेस्ट तर फक्त मज्जातंतूची संवेदना मंदावते, झीज भरून काढीत नाही. ती घेताना फ्लोराइडचा आकडा अवश्य पाहावा. माझे स्पष्ट मत असे की, साध्या १००० पीपीएमच्या पेस्टचा नेम ज्याने पाळला नाही, त्याने दहापट किमतीच्या मलईवर पैसे घालू नयेत. ज्याने तो पाळला आहे आणि तरीही डाग वाढत आहेत, त्याने ती दंतवैद्याच्या सांगण्यावरून पूरक म्हणून घ्यावी.

दंतवैद्याच्या हाती याहून जोरकस साधने आहेत. फ्लोराइड वार्निशमध्ये २२,६०० पीपीएम फ्लोराइड असते. ते ब्रशने दातांवर लावतात, दोन-तीन मिनिटांचे काम असते आणि वर्षातून दोनदा, जोखीम फार असल्यास चारदा, लावले तर मुलांच्या पक्क्या दातांतील किडीत मोठी घट होते. कोक्रेनच्या पाहणीत ही घट ४३ टक्के आढळली. ओरत्तनाडु-पट्टुक्कोट्टैकडील कुटुंबांस आता दूर मद्रासची वाट धरावयास नको. पुदुक्कोट्टै येथे २०२३ पासून सरकारी दंतवैद्यक महाविद्यालय सुरू झाले आहे, आणि अशा महाविद्यालयांच्या रुग्णालयांत खाजगी दवाखान्यापेक्षा खर्च पुष्कळच कमी येतो.

औषध घ्यावयाचे आणि अपाय चालू ठेवावयाचा, हे दातांच्या बाबतीतही फळत नाही. राखुंडी, मीठ, कोळशाची पूड, विटेची भुकटी यांनी दात घासण्याची रीत अनेक घरांत अजून आहे. त्यांनी दात पांढरे दिसतात खरे, पण कवच खरवडले जाते, आणि खरवडून गेलेली जाडी परत येण्याचा कोणताही मार्ग नाही. मशेरी तर तंबाखूच होय. ती दात आणि हिरडी दोहोंचा घात करते, मुखाच्या कर्करोगास आमंत्रण देते. कुंभकोणमच्या कोवळ्या पानाचा विडा हा या मुलखाचा जुना मान आहे, परंतु त्यातील सुपारी हीच कर्करोगकारक ठरली असल्याने, चुन्यातील कॅल्शियम दातांस मिळते हे समर्थन करू नये. रक्तदाबाची, सर्दीची वा मनाच्या आजाराची काही औषधे लाळ कमी करतात. वडिलधाऱ्यांचे तोंड सतत कोरडे पडत असेल तर डॉक्टरांस सांगावे आणि वरचेवर साधे पाणी प्यावे. गर्भारपणी वांत्या होत असतील त्या सुनेने किंवा लेकीने वांतीनंतर लगेच ब्रश फिरवू नये. पेलाभर पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने दात घासावेत. तान्ह्याच्या तोंडात साखर घातलेल्या दुधाची बाटली ठेवून त्यास झोपवू नये.

आईबापांस एक विनंती आहे. मूल सहाव्या वर्षाच्या सुमारास आले की त्याच्या दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, एक नवी दाढ गुपचूप वर येते. पडणाऱ्या दातांतलीच ही एक समजून घरोघर तिची हेळसांड होते, आणि सर्वांत आधी कीडही तिलाच लागते. ती वर आलेली दिसताच मुलास दंतवैद्याकडे न्यावे, तिच्या खाचा बुजवून घ्याव्यात, वार्निश लावून घ्यावे. ती दाढ पक्की आहे. गेली तर तिच्या जागी दुसरी येणार नाही.